पाहुणीं पांखरें आणि आपला कॅमेरा



गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनाच्या निमित्तानें आपल्या शाळेंत पक्ष्यांच्या छायाचित्रांची स्पर्धा झाली, हें आपणांपैकीं पुष्कळांस आठवत असेल. परीक्षक आम्ही तिघे होतों. पहिलें बक्षीस ज्या चित्रास मिळालें, त्यांत लालबुड्या बुलबुलाचें घरटें होतें. घरट्यांत आ वासलेलीं तीन पिल्लें, आणि कांठावर चोंचींत अळी धरून आलेली त्यांची आई. चित्र सुरेख होतें, स्पष्ट होतें. पाहणारा प्रत्येक जण त्यापुढें क्षणभर थबकत होता. मींही त्यासच पहिला क्रमांक दिला. प्रदर्शन संपल्यावर भिंतीवरचीं चित्रें उतरवितांना माझें लक्ष त्या चित्राच्या डाव्या कोपऱ्याकडे गेलें. तेथें एक डहाळी सुतळीनें मागें ओढून बांधलेली दिसत होती, आणि तिच्या शेजारीं दोन ठिकाणीं ताज्या कापाच्या पांढऱ्या खुणा होत्या. घरटें उन्हांत असें उजळून निघालें होतें, त्याचें कारण हें होतें. मीं त्या विद्यार्थ्यास बोलावून सहज विचारलें, "पुढें त्या पिल्लांचें काय झालें?" तो म्हणाला, "ठाऊक नाहीं, सर. दुसऱ्या दिवशीं गेलों, तेव्हां घरटें रिकामें होतें."

दोष त्या मुलाचा, असें मी मुळींच म्हणत नाहीं. त्यानें उत्तम चित्र मिळविण्यासाठीं भर उन्हांत श्रम केले, आणि विचारतांच खरें उत्तर दिलें. दोष असेल तर तो आम्हां वडील मंडळींचा. स्पर्धा कशी जिंकावी हें आम्हीं त्यास शिकविलें. कोणत्या मोलानें जिंकूं नये, हें मात्र सांगावयाचें राहून गेलें. सावली गेलेल्या घरट्यांतील पिल्लें उन्हानें तळमळतात. पानांचा आडोसा गेला म्हणजे कावळ्याची व भारद्वाजाची दृष्टि त्यांवर सहज पडते. त्या तीन पिल्लांचें नक्की काय झालें हें आपणांस कधींच कळणार नाहीं. परंतु त्यांचा आडोसा काढून घेण्यास आम्हीं बक्षीस दिलें, एवढें मात्र निश्चित.

त्याच स्पर्धेंत आठवींतील एका मुलीनें आणलेलें एक चित्र होतें. त्याची कोणीच दखल घेतली नाहीं. चित्र किंचित तिरपें आलें होतें, पक्ष्याचें अर्धें शेपूट चौकटीबाहेर राहिलें होतें, आणि पक्षीही आपला नित्याचा कावळाच. पण तो कावळा अंगणांतील पाण्याच्या परळावर बसून वाळक्या पोळीचा तुकडा पाण्यांत बुडवीत होता. कोरडा तुकडा गिळवत नाहीं म्हणून तो भिजवून मऊ करून घ्यावयाचा, ही त्या पक्ष्याची युक्ति तिनें पाहिली होती, ओळखली होती, आणि चित्रांत आणली होती. आज पुन्हां परीक्षक होण्याची वेळ आली, तर मी पहिलें बक्षीस तिला देईन. कां देईन, हें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

प्रथम एक प्रश्न विचारांत घेऊं. पक्ष्यांचें छायाचित्र घ्यावयाचें म्हटलें कीं माणसाचे पाय घरट्याकडेच कां वळतात? यास जुना इतिहास आहे. इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत रिचर्ड व चेरी कीर्टन नांवाचे दोघे बंधु होऊन गेले. ब्रिटनमधील पक्ष्यांच्या घरट्यांविषयींचें त्यांचें पुस्तक १८९५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील सर्व चित्रें प्रत्यक्ष निसर्गांत घेतलेलीं छायाचित्रें होतीं, आणि अशा प्रकारचें तें पहिलेंच पुस्तक समजलें जातें. पक्ष्यांस संशय येऊं नये म्हणून या बंधूंनीं बैलाचें कातडें पोकळ सांगाड्यावर चढविलें होतें, आणि त्या खोट्या बैलाच्या पोटांत कॅमेऱ्यासह शिरून ते तासन् तास ताटकळत असत! आपल्या देशांतील पक्ष्यांचीं छायाचित्रें घेणारे लोथर यांचें पुस्तक १९४९ सालीं निघालें. त्यांतही घरट्यांचीं चित्रें विपुल आहेत. त्या काळीं याला सबळ कारण होतें. कॅमेरे अवजड असत, कांचा मंद असत, दूरचें जवळ आणणारीं भिंगें दुर्मिळ असत. ज्या ठिकाणीं पांखरूं हमखास परत येईल अशा एकाच बिंदूवर आधींपासून नेम धरून बसल्याशिवाय चित्र मिळण्याचा संभव नसे. आणि पांखरूं कोठें हमखास परत येतें? जेथें त्याचीं पिल्लें आहेत तेथें.

आतां माझ्या मनांतील मुख्य गोष्ट सांगतों. पांखरूं हमखास येईल अशीं ठिकाणें माणसाच्या घराजवळ दोन असतात: एक त्याचें घरटें, आणि दुसरें आपण त्याच्यासाठीं मांडलेलें दाणापाणी. वरवर पाहतां दोहोंत फारसा फरक दिसत नाहीं. चित्र दोन्ही ठिकाणीं मिळतें. परंतु घरट्यापाशीं आलेलें पांखरूं बांधलेलें असतें. भीति वाटली तरी तें पळून जाऊं शकत नाहीं, कारण पिल्लांचीं तोंडें त्यास ओढून आणतात. त्याच्या वात्सल्याचाच आपण दोर करतों. ताटाशीं आलेलें पांखरूं मोकळें असतें. आपली हालचाल आवडली नाहीं, कॅमेऱ्याचा आवाज खटकला, तर तें भुर्रकन उडून जातें, आणि त्याचें कांहीं बुडत नाहीं. दुसऱ्या अंगणांत दुसरें झाड आहेच. जें पांखरूं जाऊं शकत असतांही थांबलें, त्याचें चित्र घेण्याचा आपणांस अधिकार पोंचतो. जें जाऊं शकत नव्हतें म्हणून थांबलें, त्याच्या चित्राचा अभिमान बाळगणें मला योग्य वाटत नाहीं. आजचे कॅमेरे आणि मोबाइलसुद्धां कीर्टन बंधूंच्या कॅमेऱ्याहून कितीतरी वेगवान आहेत. त्यांना जें नाइलाजानें करावें लागलें, तें आपण हौसेनें करावें हें शोभत नाहीं.

कोणी म्हणेल, "ताटाशीं येऊन पांखरूं खातें, पितें आणि जातें, त्यांत पाहण्यासारखें तें काय?" असें म्हणणाऱ्यानें एक सकाळ स्वस्थ बसून पाहावें. मातीच्या परळांत पाणी ठेवा, आणि निरनिराळे पक्षी तें कसें पितात एवढेंच पाहा. चिमणी, साळुंकी, बुलबुल हे चोंच भरून घेतात, मान वर करतात आणि पाणी घशाखालीं उतरूं देतात. प्रत्येक घोटास मान वर. होला मात्र चोंच पाण्यांत बुडवून ठेवतो आणि मान वर न करतां पाणी ओढून घेतो. होला हा कबुतराच्या कुळांतला, आणि त्या सर्व कुळाची पाणी पिण्याची हीच तऱ्हा. हीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं लावलीं, तर वर्गांत एक तास शिकवून जें साधणार नाहीं तें साधेल. सातभाई थव्यानें येतात, थव्यानें कलकलाट करतात. आणि पोट भरल्यावर फांदीवर एकमेकांस बिलगून एक दुसऱ्याचीं पिसें चोंचीनें विंचरून देतो. चिमण्या दाणे टिपून झाले कीं जवळच्या मातींत खळगा करून धुळीनें न्हातात. साळुंकी आली कीं बुलबुल बाजूस सरतो. कावळा आला कीं साळुंकी सरते. कोण कोणास वाट देतो, कोण एकटा येतो, कोण जोडीनें येतो, कोण आधीं चौफेर पाहतो आणि कोण उतावळेपणानें झडप घालतो, हें सर्व त्या हातभर जागेंत चाललेलें असतें.

आणि अशा घरगुती निरीक्षणाला शास्त्रांत मोल नाहीं असें समजूं नका. इंग्लंडमध्यें सकाळीं दाराशीं दुधाच्या बाटल्या ठेवून जाण्याची रीत होती. १९२१ सालीं साउदॅम्प्टनजवळच्या स्वेद्लिंग या गांवीं, कांहीं चिमुकले टिट जातीचे पक्षी बाटलीचें झांकण फोडून वरची साय खातात असें प्रथम नोंदलें गेलें. पुढें ही युक्ति गांवोगांव दिसूं लागली. १९४९ सालीं फिशर व हाइंड या दोघां अभ्यासकांनीं देशभरच्या नोंदी एकत्र करून तिच्या प्रसाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. प्राणी एखादी नवी युक्ति शिकतात ती कशी पसरते, या विषयाच्या अभ्यासांत हें उदाहरण आजही सांगितलें जातें. त्या नोंदींपैकीं कितीतरी सामान्य गृहस्थांनीं व गृहिणींनीं आपल्या दाराशीं केलेल्या होत्या. पाहिलें, तारीख लिहिली, ठिकाण लिहिलें, आणि कळविलें. एवढेंच त्यांनीं केलें. आपल्या आठवीच्या मुलीनें त्या कावळ्याच्या चित्राखालीं दिनांक व वेळ लिहिली होती. परीक्षकांनीं ती वाचली नव्हती!

येथवर वाचून कोणी असें समजूं नये कीं ताटाशीं घेतलेलें प्रत्येक चित्र निर्दोषच असतें. याविषयीं मला स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे. सांगावयास संकोच वाटतो. पण विद्यार्थ्यास त्याची चूक दाखवून आपली झांकून ठेवणें हें शिक्षकाच्या पेशास साजत नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं मीं आमच्या घराच्या आवारांत एका खांबावर लाकडी फळी बसविली, तींवर रोज मूठभर बाजरी व तांदळाची कणी ठेवूं लागलों, आणि खिडकीच्या पडद्याआड कॅमेरा लावून बसूं लागलों. पांखरें येऊं लागलीं. पण चित्रांत पाठीमागें शेजाऱ्यांची भिंत आणि दोरीवरचे कपडे येत. मला हिरवीगार पार्श्वभूमि हवी होती. म्हणून मीं तो खांब उपटून जास्वंदीच्या दाट झुडुपाशेजारीं रोवला, आणि चित्रांत ऊन चांगलें यावें म्हणून फळीही कंबरेइतक्या उंचीवर खालीं घेतली. चित्रें अप्रतिम येऊं लागलीं. चौथ्या दिवशीं सकाळीं एक होला फळीवर दाणे टिपीत होता. मीं कळ दाबून धरली होती, आणि कॅमेरा एकामागून एक चित्रें घेत होता. त्याच क्षणीं झुडुपांतून मांजर उसळलें. सगळा प्रकार दोन निमिषांत आटोपला. माझ्याकडे त्याचीं सात चित्रें आलीं. पिसें हवेंत उधळलेलीं आहेत, आणि मांजराचे डोळे अगदीं स्पष्ट आले आहेत.

तीं चित्रें मीं दोघां मित्रांस दाखविलीं. ते म्हणाले, "वाः! काय क्षण साधला आहे! प्राण्यांच्या वर्तनाचें याहून जिवंत चित्र कोणतें?" मी घरीं आलों आणि तीं सात चित्रें पुन्हां पाहूं लागलों. त्यांत मांजराचें वर्तन दिसतें, होल्याचें दिसतें. माझें मात्र कोठेंच दिसत नाहीं, आणि त्या घटनेचें खरें कारण तर मीच होतों. मांजराला दबा धरण्यास जागा मीं दिली, होल्याला त्या जागेजवळ मीं बोलाविलें, आणि फळी मांजराच्या उडीच्या टप्प्यांत मीं आणली. निसर्गांत मांजर पक्षी मारतें, हें खरें आहे. पण पाहुण्यास पंगतीला बोलावून त्याच्या पाटामागें कुत्रें बांधून ठेवणें यास निसर्ग म्हणत नाहींत. तीं चित्रें मीं कोठेंही छापावयास दिलीं नाहींत, आणि पुसूनही टाकलीं नाहींत. कॅमेरा हातीं घेतांना आठवण राहावी म्हणून ठेवलीं आहेत.

म्हणून माझें म्हणणें असें कीं, ज्यानें पांखरांसाठीं ताट मांडलें तो आधीं यजमान आहे आणि मग छायाचित्रकार. आपल्या घरीं पाहुणा जेवावयास बसला असतां आपण त्याच्या पानाकडे लक्ष देतों. त्याचें चित्र कसें येईल याकडे नव्हे. हा यजमानाचा धर्म पाळावयाचा, तर थोड्या साध्या गोष्टी कराव्या लागतात.

दाणापाणी मोकळ्या जागीं, उंचावर ठेवावें. झुडूप फार लगट नको, पण उडून जाऊन बसावयास झाड दृष्टीच्या टप्प्यांत हवें, कारण शिक्रा आकाशांतून येतो. खिडकीच्या मोठ्या कांचेंत झाडांचें प्रतिबिंब पडतें, आणि पांखरूं तें खरें झाड समजून तींवर आदळतें. म्हणून ताट कांचेपासून तीस फूट तरी दूर असावें, नाहींतर तीन फुटांच्या आंत, म्हणजे उडतांना त्यास जोराचा वेग येणार नाहीं. ज्वारी, बाजरी, कणी, पिकलेल्या पपईची किंवा केळ्याची फोड चालते. शेव, चिवडा, खारे दाणे, तळलेले पदार्थ घालूं नयेत. आपल्या जिभेला रुचतें तें पांखरांच्या पोटाला मानवतें, असा नियम नाहीं.

पाणी रोज बदलावें, आणि परळ व फळी वरचेवर घासून, धुऊन, उन्हांत वाळवावी. ही केवळ टापटीप नव्हे. ब्रिटनमध्यें बागांत पक्ष्यांस खाऊ घालण्याची फार आवड आहे. तेथें २००५ च्या सुमारास घशाचा एक रोग ग्रीनफिंच नांवाच्या हिरवट पक्ष्यांत पसरूं लागला. आजारी पक्षी जेथें खातो पितो तेथेंच निरोगी पक्षी खातो पितो, आणि असा तो रोग एकापासून दुसऱ्यास होतो. त्या पक्ष्यांची संख्या इतकी घटली कीं २०२१ सालीं त्यांचें नांव तेथील अतिशय चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादींत घालावें लागलें. ज्यांनीं ताटें मांडलीं, ते सर्व प्रेमळ लोक होते. प्रेमाला स्वच्छतेची जोड नसेल, तर प्रेमसुद्धां घातक होऊं शकतें.

दाणे मूठभर घालावे, पोत्यानें नव्हे. आपल्या मुंबईंत २०२५ सालीं कबुतरखाने बंद करण्यावरून केवढा वाद माजला, तो आपण वर्तमानपत्रांत वाचलाच असेल. एका बाजूस भूतदया आणि पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा, दुसऱ्या बाजूस कबुतरांच्या विष्ठेमुळें व पिसांमुळें होणारे फुप्फुसाचे विकार. त्या वादांत मी येथें पडत नाहीं. पण त्यापासून आपण एवढा बोध घ्यावा कीं, एकाच जागीं एकाच जातीच्या पक्ष्यांची अफाट गर्दी जमविणें हें त्या पक्ष्यांच्याही हिताचें नाहीं आणि शेजाऱ्यांच्याही नाहीं. आणखी एक गोष्ट. दाणे खाणारी चिमणीसुद्धां आपल्या लहान पिल्लांस मुख्यतः अळ्या व कीटक भरविते. तेव्हां अंगणांत फरशी घालून कोपऱ्यांत दाण्यांची ताटली टांगली, म्हणजे चिमणीचा संसार चालला असें होत नाहीं. थोडी माती, चार देशी झाडें, आणि विषारी फवारा न मारलेली पानें ही खरी मेजवानी. ताट तें केवळ निमंत्रण.

चित्राच्या सचोटीविषयींही दोन शब्द लिहितों. फळीपासून तीन हातांवर एक वाळकी, सुंदर फांदी रोवून ठेवली, तर पांखरूं दाण्यांवर उतरण्यापूर्वीं क्षणभर तींवर बसतें, आणि चित्रांत फळी न येतां फांदीवरचें पांखरूं येतें. ही युक्ति मी स्वतः वापरतों. तींत पांखराची फसवणूक नाहीं. परंतु असें चित्र "घनदाट अरण्यांत टिपलेलें" म्हणून दाखविलें, तर ती पाहणाऱ्याची फसवणूक आहे. चित्राखालीं "अंगणांत दाणे ठेवले होते" एवढे चार शब्द लिहिल्यानें चित्राची किंमत कमी होत नाहीं, आणि लिहिणाऱ्याची वाढते. दुसरी एक चाल हल्लीं बोकाळली आहे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवावयाचा, म्हणजे आपल्या हद्दींत दुसरा नर शिरला असें समजून तो पक्षी रागानें समोर येतो, आणि मग त्याचें चित्र घ्यावयाचें. विणीच्या दिवसांत, ज्या वेळीं त्यानें पिल्लांसाठीं अन्न शोधावयाचें, त्या वेळीं तो नसलेल्या शत्रूशीं भांडत राहतो. हें वर्तन आपण पाहिलेलें नव्हे. खोटें बोलून करविलेलें आहे.

कायद्याचीही आठवण द्यावीशी वाटते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत शिकार या शब्दाची जी व्याख्या आहे, तींत रानपक्ष्यांच्या अंड्यांस अपाय करणें, आणि अंड्यांस किंवा घरट्यांस उपद्रव देणें यांचाही अंतर्भाव केलेला आहे. बंदुकीवांचूनही शिकार होऊं शकते, हें कायदा करणाऱ्यांनीं ओळखलें होतें.

पालकांपैकीं कांहीं जण मला विचारतात, "आधींच मुलांच्या हातून मोबाइल सुटत नाहीं, त्यांत तुम्ही आणखी छायाचित्रांचा नाद कां लावतां?" शंका रास्त आहे. माझें उत्तर असें कीं, मोबाइल हातांत असतांना मूल सतत बोट फिरवितें आणि पांच पळेंही एका गोष्टीवर थांबत नाहीं, हीच तर आपली तक्रार आहे. पांखराचें चित्र घ्यावयाचें, तर तोच मोबाइल खिडकींत टेकवून ठेवावा लागतो, आणि आपण अर्धा तास न हलतां, न बोलतां बसावें लागतें. पांखराला घाई करतां येत नाहीं. सलीम अली यांनीं १९३० सालीं अलिबागजवळच्या किहीम येथें सुगरण पक्ष्यांचें निरीक्षण केलें. नर अर्धवट घरटें विणतो, मादी तें पारखून पाहते, पसंत पडल्यास तेथें राहते, आणि मग नर दुसरें घरटें विणावयास लागतो, हा सारा व्यवहार त्यांस उलगडला तो असाच बसून बसून. ज्या घरीं कॅमेरा नाहीं आणि मोबाइल वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरच्या मुलांनींही हिरमुसलें होऊं नये. पेन्सिलीनें काढलेलें ओबडधोबड चित्र आणि चार ओळींची नोंद मला तितकीच मोलाची वाटते. कारण कॅमेरा विसरतो तें पुष्कळदां डोळा लक्षांत ठेवतो.

आतां आपल्या शाळेपुरती माझी सूचना मांडतों, आणि ती मुख्याध्यापकांपुढेंही ठेवणार आहें. यंदाच्या स्पर्धेंत घरट्याचें, अंड्यांचें किंवा घरट्यांतील पिल्लांचें कोणतेंही चित्र, तें कितीही सुंदर असो, स्वीकारूं नये. प्रत्येक चित्रासोबत दिनांक, वेळ, ठिकाण, दाणापाणी ठेवलें होतें कीं नाहीं, आणि पांखरूं काय करीत होतें, हें विद्यार्थ्यानें आपल्या शब्दांत लिहावें. अर्धे गुण चित्रास आणि अर्धे त्या लेखास असावेत. शिवाय दर वर्षीं फेब्रुवारींत चार दिवस जगभर अंगणांतील पक्ष्यांची गणना होते, आणि आपल्या देशांतही हजारों लोक तींत भाग घेतात. त्या गणनेंत आपल्या शाळेच्या आवाराचें नांव असावें. ब्रिटनमध्यें आज जी मोठी पक्षिगणना होते, ती १९७९ सालीं प्रथम मुलांसाठीं म्हणूनच सुरू झाली होती. मुलांनीं आरंभ केला आणि वडील मंडळी मागून आलीं, असा तो प्रकार आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची "केवढें हें क्रौर्य" ही कविता आमच्या पिढीच्या पुष्कळांस पाठ होती. तींतील जखमी पक्षिणी मरतां मरतां पिल्लांकडे धांव घेते, तें वाचून लहानपणीं माझे डोळे भरून येत, आणि त्या शिकाऱ्याचा मला मनस्वी राग येई. आपल्या हातांत बंदूक नाहीं, म्हणून आपण त्या कवितेंतले शिकारी नव्हे, असें मी पुष्कळ वर्षें समजत होतों. जास्वंदीच्या झुडुपापाशीं घडलेल्या त्या प्रसंगापासून तसें समजत नाहीं. प्रभु येशूनें डोंगरावर बसून लोकांस उपदेश केला, तेव्हां त्यानेंही त्यांचें लक्ष पांखरांकडे वेधलें होतें. पाहा, एवढेंच त्यानें सांगितलें. धरा असें नाहीं, आणि माझी खात्री आहे कीं फांदी बांधा असेंही नाहीं.

माझी फळी आतां पुन्हां पहिल्या जागीं, उंच खांबावर आहे. चित्रांत शेजाऱ्यांची भिंत येते, आणि दोरीवरचे कपडेही येतात. काल सकाळीं एक होला आला, परळावर बसला, आणि मान वर न करतां पोटभर पाणी प्याला. चित्र फारसें चांगलें आलें नाहीं. तो मात्र आज सकाळीं पुन्हां आला होता.